वृषणशूल, आकस्मिक

वृषणात अकस्मात उद्भवणाऱ्या तीव्र वेदनेस आकस्मिक वृषणशूल म्हणतात. वृषणाला पीळ पडणे आणि अधिवृषणाचा जंतुजन्य शोथ ही त्याची नेहमीची कारणे होत. पिळामुळे वृषणाचा रक्तपुरवठा तुटतो. सुमारे ६ तासांच्या आत तो सोडविल्यास वृषण बहुधा वाचते, २४ तासांनंतर क्वचितच. म्हणून विरळ कारणांचा विचार पीळ नसल्याची खात्री झाल्यावरच करावयाचा असतो. पीळ पौगंडावस्थेत अधिक आढळतो. वृषण वर ओढले जाऊन आडवे होते, वांत्या होतात आणि मांडीच्या आतील त्वचेवर हलकेच ओरखडले असता वृषण वर सरकण्याची प्रतिक्षेपी क्रिया सहसा लोपते. शंका प्रबळ असल्यास डॉप्लर सोनोग्राफीची वाट न पाहता शस्त्रक्रियेने मुष्क उघडून पाहणेच श्रेयस्कर होय.

विरळ कारणे स्थलपरत्वे बदलतात. भंडारा जिल्ह्याच्या विभाजनातून १९९९ मध्ये निर्माण झालेला गोंदिया जिल्हा हत्तीरोगाच्या पट्ट्यात मोडतो. हा जिल्हा भातशेतीचा व तलावांचा असला, तरी रोगवाहक क्यूलेक्स डास मुख्यत्वे गटारांच्या घाण पाण्यात वाढतो. दोष तलावांचा नव्हे. वुचेरेरिया बँक्रॉफ्टाय या कृमींचे प्रौढ नर-मादी वृषणरज्जूतील लसीका वाहिन्यांत राहतात. ते आपोआप किंवा डायएथिलकार्बामाझीन या औषधाने मेले म्हणजे तेथे शोथ होऊन ज्वर येतो, रज्जूत दुखरी गाठ लागते. जिवंत कृमींची वळवळ सोनोग्राफीत दिसू शकते. सूक्ष्मकृमींसाठी रक्त रात्री १० ते २ च्या दरम्यान घेतात. मात्र ते न आढळल्याने रोग नाही असे ठरत नाही. प्रतिजन-परीक्षा दिवसाही करता येते. अशा प्रदेशात खरा धोका उलट दिशेचा असतो : हत्तीरोग परिचयाचा असल्यामुळे एखाद्या मुलाचा पीळही त्याच्याच नावावर खपून जातो आणि मोलाचे तास निघून जातात.

विदर्भात आढळणाऱ्या दात्रकोशिका रोगात (सिकलसेल) रक्तवाहिनी तुंबून वृषणाचा एखादा भाग मृत झाल्याची उदाहरणे आहेत. सोनोग्राफीत तो रक्तप्रवाहहीन दिसतो व अर्बुदाचा भास होऊ शकतो. अशा रुग्णाची हीमोग्लोबिन-परीक्षा करावी. गालगुंडानंतर साधारणतः ४ ते ८ दिवसांनी होणारा वृषणशोथ इतिहासावरून ओळखू येतो. वृषण स्पर्शास सर्वस्वी निर्दोष असेल, तर मूत्रवाहिनीतील खडा शोधावा; त्याची कळ कमरेतून जांघेत व वृषणात उतरते.