अपघातानंतर हक्कावर पाणी सोडू नका

रात्री साडेअकराला घरातला फोन खणखणतो. पलीकडून कुणीतरी तुटक हिंदीत सांगतं, 'आपल्या मुलाला अपघात झाला आहे. बंगळूरला या.'

कोल्हापूर, सांगली, सोलापूर, बेळगाव... या भागातल्या किती तरी घरांतली मुलंमुली आज शिक्षणासाठी, नोकरीसाठी बंगळूरला आहेत. असा फोन आला की आईवडिलांच्या हातापायांतलं बळच जातं. मिळेल त्या गाडीने ते निघतात. मुलाचा पाय प्लॅस्टरमध्ये आहे, पण जीव वाचला आहे हे पाहून देवाला हात जोडतात. आणि नेमक्या त्याच वेळी धडक देणाऱ्या गाडीचा मालक पुढे येतो. 'झालं ते झालं. हे वीस हजार ठेवा. पोलीस, कोर्टकचेरी यात कशाला पडता?' मुलूख परका, भाषा परकी, डोळ्यांवर दोन रात्रींची झोप. थकलेले वडील कागदावर सही करून मोकळे होतात.

चूक होते ती इथेच. सहा महिन्यांनी कळतं की पायात घातलेली सळई काढायला पुन्हा शस्त्रक्रिया हवी, मुलाला पूर्वीसारखं उभं राहून काम करता येत नाही, नोकरी तर केव्हाच गेली. तेव्हा ते वीस हजार कुठच्या कुठे संपलेले असतात.

अपघाताची नुकसानभरपाई म्हणजे कुणी घातलेली भीक नव्हे, आणि मुलाच्या रक्ताचा पैसाही नव्हे. रस्त्यावर धावणाऱ्या प्रत्येक वाहनाचा तिऱ्हाइताच्या नुकसानीसाठी विमा असलाच पाहिजे, असं मोटार वाहन कायदा सांगतो. ती विम्याची रक्कम अशा प्रसंगासाठीच असते. ती मागण्यात संकोच कसला?

पहिले दोन दिवस महत्त्वाचे

दाव्याचं यश बऱ्याच अंशी पहिल्या काही दिवसांतल्या कागदांवर अवलंबून असतं. इस्पितळात दाखल करतानाच 'रस्त्यावरचा अपघात' अशी स्पष्ट नोंद करून घ्या. पोलिसांचा ससेमिरा नको म्हणून काही जण 'घरात जिन्यावरून पडला' असं सांगून बसतात. पुढे विमा कंपनीचा वकील हाच कागद नाचवतो.

बंगळूरमध्ये वाहतूक पोलिसांची ठाणी वेगळी आहेत आणि अपघाताची फिर्याद तिथेच नोंदवली जाते. फिर्याद बहुधा कानडीत लिहिली जाते. आपल्याला समजेल अशा भाषेत ती वाचून घेतल्याशिवाय सही करू नका. धडक देणाऱ्या गाडीचा क्रमांक, जागा आणि वेळ बरोबर आहे ना, ते पाहा. फिर्यादीची प्रत विनामूल्य मिळणं हा फिर्यादीचा हक्क आहे.

मग एक फाईल करा. प्रथम खबरीची प्रत, घटनास्थळाचा पंचनामा, जखमांचा दाखला (बंगळूरमध्ये त्याला 'वूंड सर्टिफिकेट' म्हणतात), इस्पितळातून सोडतानाचा गोषवारा, एक्स-रे, औषधांची एकूण एक पावती, रिक्षा-टॅक्सीच्या पावत्या, पगाराचा दाखला, सुट्टी बिनपगारी झाली असल्यास तसं कार्यालयाचं पत्र. हे सारं त्या फाईलमध्ये ठेवा. साक्षीदाराचं नाव-पत्ता मिळाला तर तोही लिहून ठेवा.

उपचाराचा खर्च

याच पुणे-बंगळूर महामार्गावर नेलमंगलजवळ फेब्रुवारी 2016 मध्ये एका तरुणाचा भीषण अपघात झाला. मरणाच्या दारात असतानाही 'माझे अवयव दान करा' असं तो जमलेल्या लोकांना सांगत होता. सारा कर्नाटक हेलावला. त्याच्या स्मरणार्थ राज्य सरकारने त्याच वर्षी 'मुख्यमंत्री सांत्वन हरीश योजना' सुरू केली. अपघातानंतरच्या पहिल्या 48 तासांत 25,000 रुपयांपर्यंतचे उपचार मोफत, असं तिचं स्वरूप होतं. पुढे मे 2025 मध्ये केंद्र सरकारने देशभरासाठी योजना जाहीर केली. त्यानुसार रस्ते अपघातातल्या जखमीला ठरवून दिलेल्या इस्पितळांत पहिले सात दिवस दीड लाख रुपयांपर्यंत रोख न भरता उपचार मिळू शकतात. दाखल करतानाच त्याची चौकशी करा.

दावा कुठे लावायचा?

नुकसानभरपाईचे दावे मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे चालतात. बंगळूरमध्ये हे काम लघुवाद न्यायालयातले न्यायाधीश पाहतात. पण अपघात बंगळूरला झाला म्हणून प्रत्येक तारखेला तिथेच धावायला हवं असं नाही. जखमी व्यक्ती जिथे राहते किंवा व्यवसाय करते, त्या ठिकाणच्या न्यायाधिकरणाकडेही अर्ज करण्याची मुभा कायद्याने दिली आहे. म्हणजे कोल्हापूरला आईवडिलांकडे राहायला परतलेला मुलगा कोल्हापुरात दावा लावू शकतो. कानडी कागदांचं भाषांतर तेवढं करून घ्यावं लागेल.

मुदतीकडे मात्र दुर्लक्ष नको. 1 एप्रिल 2022 पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार अपघातापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज केला पाहिजे. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं आणि केवळ मुदत उलटली म्हणून अर्ज फेटाळू नयेत, असा अंतरिम आदेश नोव्हेंबर 2025 मध्ये झाला. तरीही शहाण्याने सहा महिन्यांचीच मुदत धरून चालावं.

चूक कुणाची हे सिद्ध करण्याच्या फंदात पडायचं नसेल, तर कायद्यात ठरावीक भरपाईचीही तरतूद आहे. मृत्यू झाल्यास पाच लाख आणि गंभीर दुखापत झाल्यास अडीच लाख रुपये. मात्र हा मार्ग घेतला की मोठ्या रकमेचा दावा करता येत नाही. धडक देऊन गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही, तर सरकारी योजनेतून मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर दुखापतीसाठी 50,000 रुपये मिळतात.

आणि गाडी आपलीच घसरली असेल तर? तिथे समोरच्याच्या विम्याचा प्रश्नच येत नाही. पण आपल्या गाडीच्या विम्यात चालक-मालकाच्या वैयक्तिक अपघाताचं कलम आहे का, ते पाहा. त्याची रक्कम 2018 मध्ये 15 लाखांपर्यंत वाढवण्यात आली. मृत्यू किंवा कायमचं मोठं अपंगत्व आल्यास त्याचा आधार होतो.

एका भाजीवाल्याचा पाय

'आमच्याकडे पगाराची पावती नाही, मग आम्हाला काय मिळणार?' हा प्रश्न रिक्षावाले, फेरीवाले, घरकाम करणाऱ्या बायका हमखास विचारतात. त्याचं उत्तर कर्नाटकातल्याच एका खटल्यात सापडतं.

2008 साली 24 वर्षांच्या एका भाजीविक्रेत्याला अपघातात उजवा पाय गमवावा लागला. उत्पन्नाचा कागद नाही म्हणून उच्च न्यायालयाने त्याची कमाई महिना 3,500 रुपये धरली. भाजी काय एका जागी बसूनही विकता येते, असाही विचार झाला. तो सर्वोच्च न्यायालयात गेला. 2014 मध्ये निकाल लागला. न्यायालयाचं म्हणणं असं की, स्वतःचा छोटा धंदा करणाऱ्या माणसाकडून उत्पन्नाचे कागद मागणंच पटण्यासारखं नाही. आणि भाजी विकायची म्हणजे आधी ती घाऊक बाजारातून आणायची, हातगाडी ढकलायची. एका पायावर हे कसं जमायचं?

न्यायालयाने त्याची कमाई 6,500 रुपये धरली. पुढे उत्पन्न वाढलं असतं म्हणून त्यात निम्मी भर घातली, ते झाले 9,750. त्याला वर्षाचे 12 महिने आणि वयानुसार ठरलेल्या 18 या आकड्याने गुणलं. कमाईची क्षमता 85 टक्के गेली असं धरून केवळ भावी उत्पन्नापोटी 17,90,100 रुपये मंजूर केले. उपचार, वेदना वगैरे बाबी त्याहून वेगळ्या.

हिशेबाची ही रीत समजून घेण्यासारखी आहे. वय 15 ते 25 असेल तर गुणक 18, 36 ते 40 ला 15, 46 ते 50 ला 13, असा तो उतरत जातो. भावी वाढीचं प्रमाणही 2017 मध्ये घटनापीठाने ठरवून दिलं. स्वतःचा धंदा करणारा चाळिशीच्या आतला असेल तर 40 टक्के.

डॉक्टरांनी दाखल्यावर लिहिलेली अपंगत्वाची टक्केवारी म्हणजे कमाईतली घट नव्हे, हेही लक्षात ठेवा. 2010 च्या एका निकालात न्या. आर. व्ही. रवींद्रन यांनी हा फरक फार सोपा करून सांगितला आहे. डावा हात गेला तर सुताराची किंवा ड्रायव्हरची जवळजवळ सगळी कमाई बुडते; कारकुनाची नोकरी मात्र टिकू शकते. म्हणून जखमी माणूस नेमकं कोणतं काम करत होता आणि आता त्यातलं काय जमत नाही, हे न्यायाधिकरणाला तपशीलवार सांगायला हवं. उपचारांच्या काळात बुडलेली कमाई, पुढच्या शस्त्रक्रिया, शुश्रूषा करणारं माणूस, वेदना, लग्नाची घटलेली शक्यता या बाबीही मागता येतात.

गृहिणीच्या कामाचं मोल

'मी काय, घरीच असते,' असं म्हणणाऱ्या भगिनींनी हे जरूर वाचावं. 2001 च्या जनगणनेत गृहिणींना भिकारी, कैदी यांच्या रांगेत बसवलं गेलं होतं. 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याबद्दल तीव्र नापसंती व्यक्त केली. जानेवारी 2021 मधल्या आणखी एका निकालात, गृहिणीच्या श्रमांचं उत्पन्न धरून भरपाई देणं हा तिच्या कामाचा सन्मान आहे, अशी भूमिका न्यायालयाने घेतली. पहाटेपासून रात्रीपर्यंत राबणारे हात अपघाताने लुळे पडले, तर ते नुकसान कायद्याच्या लेखी खरंखुरं नुकसान आहे.

या चुका टाळा

रस्त्यावर किंवा इस्पितळात 'आता काही तक्रार नाही' अशा कागदावर सही करू नका. तडजोड करायचीच असेल तर ती दुखापतीचा पूर्ण अंदाज आल्यावर, न्यायाधिकरणापुढे किंवा लोकअदालतीत करा.

इस्पितळाच्या दारात भेटणाऱ्या दलालांपासून सावध राहा. भरपाईतला हिस्सा फी म्हणून ठरवून घेणं वकिलांना नियमाने मनाई आहे. स्त्रिया, अपंग, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती यांना विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो.

दाव्यात खोटं बोलू नका. हेल्मेट घातलं नव्हतं, उलट्या बाजूने गाडी चालवत होतो, या गोष्टी लपत नाहीत. आपल्या चुकीच्या प्रमाणात भरपाई कमी होऊ शकते; पण एक खोटं उघडं पडलं तर साऱ्या दाव्यावरचाच विश्वास उडतो.

मिळालेली रक्कम एकदम खर्चू नका. न्यायाधिकरण बहुधा त्यातला काही भाग बँकेत मुदत ठेवीत ठेवायला सांगतं. लोकांना ते जाचक वाटतं, पण हेतू चांगला असतो. आयुष्यभराच्या कमाईची ही भरपाई एका वर्षात संपू नये.

गेलेला पाय कोणतंही न्यायालय परत आणून देऊ शकत नाही. पण कृत्रिम पाय बसवता येतो, छोटंसं दुकान टाकता येतं, अर्धवट राहिलेलं शिक्षण पुरं करता येतं. त्यासाठी लागणारा पैसा मागायला मुलाच्या खाटेशी बसलेल्या आईवडिलांनी लाजू नये. वीस हजारांच्या त्या कागदावर सही करण्यापूर्वी एवढंच म्हणावं, 'आधी माझा मुलगा उभा राहू द्या, मग बोलू.'