दोन इलेक्ट्रॉन, तीन अणू : डायबोरेनचे कोडे

सोनार डाग देताना जो टाकणखार वापरतात, त्यातील एक मूलद्रव्य म्हणजे बोरॉन होय. लडाखमधील पुगा खोऱ्यात टाकणखार नैसर्गिकरीत्या आढळतो. या खारात बोरॉन ऑक्सिजनशी जोडलेला असतो आणि तेथील बंध नेहमीच्या नियमांनी उलगडतात. हायड्रोजनशी त्याचा संयोग झाला की मात्र हिशेब जुळेनासा होतो.

जर्मन शास्त्रज्ञ आल्फ्रेड श्टॉक यांनी १९१२ पासून बोरॉन व हायड्रोजन यांच्या संयुगांचा पद्धतशीर अभ्यास केला. हवेत पेटणारे हे पदार्थ हाताळण्यासाठी त्यांनी पाऱ्याच्या झडपा असलेली निर्वात काचयंत्रणा उभारली. त्याच पाऱ्याच्या वाफेने त्यांना विषबाधा झाली आणि १९२६ मध्ये त्यांनी या धोक्याविषयी इतरांना जाहीर इशारा दिला.

डायबोरेनमध्ये दोन बोरॉन व सहा हायड्रोजन अणू असतात. इथेनमध्येही दोन कार्बन व सहा हायड्रोजन असतात; तेथे सात बंधांसाठी १४ इलेक्ट्रॉन उपलब्ध असतात. डायबोरेनमध्ये ते १२ च भरतात. तरीही लायनस पाउलिंग यांच्यासारखे दिग्गज इथेनसारख्याच रचनेकडे झुकले होते. १९४३ मध्ये ऑक्सफर्डचे विद्यार्थी ख्रिस्तोफर लाँग्वे-हिगिन्स यांनी आपले शिक्षक रोनाल्ड बेल यांच्यासह वेगळी रचना मांडली. पुलाची कल्पना त्यापूर्वीही सुचविली गेली होती. या दोघांनी तिला भक्कम आधार दिला.

या रचनेत चार हायड्रोजन बाहेरच्या बाजूस साध्या बंधांनी जोडलेले असतात. त्यात आठ इलेक्ट्रॉन खर्ची पडतात. उरलेले दोन हायड्रोजन दोन्ही बोरॉनांच्या मधोमध, एक वर व एक खाली, पुलासारखे बसतात. प्रत्येक पुलाच्या वाट्याला दोनच इलेक्ट्रॉन येतात आणि ते तीन अणूंना एकत्र धरतात. साहजिकच हे बंध सैल असतात : बाहेरील बंधाची लांबी सुमारे १.१९ अँगस्ट्रॉम, तर पुलातील बंधाची १.३३. इलेक्ट्रॉन विवर्तनाच्या प्रयोगाने १९५१ मध्ये या रचनेस पुष्टी मिळाली. अशा संयुगांना ‘इलेक्ट्रॉन-न्यून’ म्हणतात. नाव थोडे फसवेच, कारण रेणूतील बंधकारक कक्षा पूर्ण भरलेल्या असतात.

मोठ्या बोरेनांमध्ये बोरॉन अणूंचे पिंजरे बनतात. त्यांच्या रचनेवरील संशोधनासाठी विल्यम लिप्सकोंब यांना १९७६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. बंद पिंजऱ्यात जितके कोपरे, त्याहून एक अधिक इलेक्ट्रॉन-जोडी पिंजरा बांधण्यास लागते, असा नियम केनेथ वेड यांनी १९७१ मध्ये दिला. परस्परांत जोडलेल्या पिंजऱ्यांना तो पुरेसा नव्हता. हैदराबाद विद्यापीठात असताना ई. डी. जेम्मिस व सहकाऱ्यांनी २००१ मध्ये त्याचा विस्तार केला. त्यानुसार पिंजऱ्यांची संख्या, एकूण कोपरे आणि दोन पिंजऱ्यांना एकट्याने जोडणारे अणू यांची बेरीज म्हणजे आवश्यक इलेक्ट्रॉन-जोड्या. पिंजरा एकच असेल, तर या सूत्रातून वेड यांचाच नियम मिळतो.