दोर मुलीच्या हाती

म्युनिकच्या उत्तरेस सपाट माळावर वसलेल्या उंटरश्लाइसहाइम या गावी मायक्रोसॉफ्टचे जर्मनीतील मुख्यालय २०१६ पर्यंत होते; संगणक आणि मोटारी यांच्या उद्योगांमुळे त्या परिसरात जी भारतीय कुटुंबे स्थिरावली, त्यांत मराठी घरेही आहेत. दक्षिणेचा 'फ्यॉन' वारा सुटून हवा लख्ख झाली की तिकडून आल्प्सची रांग दिसते, आणि वयात आलेल्या मुलीला त्या डोंगरांतील साहसी शिबिराला पाठवावे की नाही, हा प्रश्न पुण्या-साताऱ्याइतकाच तेथेही घरोघर उपस्थित होतो.

ज्या कुर्ट हान या जर्मन शिक्षणतज्ज्ञाने नाझी राजवटीशी वैर पत्करून १९३३ साली स्वदेश सोडला आणि १९४१ मध्ये वेल्समधील अबरडोव्ही येथे तरुण खलाशांना संकटात टिकाव धरता यावा म्हणून 'आउटवर्ड बाउंड' या साहस-प्रशिक्षण संस्थेचा पाया घालण्यात पुढाकार घेतला, त्याच्या दृष्टीने समुद्र आणि डोंगर ही चारित्र्य घडविण्याची साधने होती. प्रारंभी ही तजवीज मुलग्यांपुरतीच होती. वस्तुतः तिची निकड मुलींना अधिक. जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार ११ ते १७ वयोगटातील ७८ टक्के मुलगे पुरेसा व्यायाम करीत नाहीत, तर मुलींत हे प्रमाण ८५ टक्के आहे.

तथापि केवळ व्यायाम हाच लाभ मानणे अपुरे होय. प्रस्तरारोहणात एक मुलगी कड्यावर चढते तेव्हा दुसरी खाली उभी राहून तिला 'बिले' देते, म्हणजे दोराने सांभाळते: चढणारीच्या हार्नेसमधील आठच्या आकड्याची गाठ आधी दोघींनी तपासायची, दोर अडकवण्याची कडी, म्हणजे कॅराबिनर, बंद झाल्याची खात्री करून घ्यायची, आणि मग मैत्रिणीचा भार पेलणारा दोर हातातून क्षणभरही सुटू द्यायचा नाही. आपण कशा दिसतो, या चिंतेने ज्या वयात मन व्यापलेले असते, त्याच वयात आपले शरीर काय करू शकते याचा असा रोखठोक पुरावा मिळतो. शिवाय भय नाकारण्याऐवजी जोखमीचा हिशेब मांडण्याची सवय जडते. केवळ मुलींचा गट असला, तर नकाशा कोणी वाचावा यावरून मुलग्यांच्या तोंडाकडे पाहण्याचा प्रसंगच उद्भवत नाही, आणि पाळीच्या दिवसांची व्यवस्थाही संकोचाविना ठरते.

हे सारे आपल्याला परके नाही. कृष्णा पाटील हिने २००९ मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, एव्हरेस्ट गाठले. साताऱ्याची प्रियांका मोहिते २०१३ मध्ये तेथे पोहोचली आणि २०२२ मध्ये कांचनगंगेवरही. मात्र शिखरांचा सत्कार करणारा आपला समाज साध्या मुक्कामी शिबिराची परवानगी देताना हजार सबबी सांगतो, ही विसंगती मला खटकते.

पालकांनी संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी प्रशिक्षकाची पात्रता, प्रथमोपचाराची सोय आणि रात्रीच्या मुक्कामी स्त्री-मार्गदर्शकाची हजेरी यांची चौकशी अवश्य करावी. उत्तरे समाधानकारक असतील, तर सही करावी आणि शिबिर संपेपर्यंत मुलीला तासातासाने फोन करू नये.