फ्लॉपीतली मराठी

जपान सरकारच्या डिजिटल खात्याने २०२४ च्या जूनअखेर फ्लॉपीच्या वापराशी निगडित असलेले हजाराहून अधिक नियम रद्द केले, तेव्हा ती बातमी महाराष्ट्रातही गंमत म्हणूनच वाचली गेली. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि तिच्या प्राचीनतेसाठी नाणेघाटातील शिलालेखाचे दाखले नव्या उत्साहाने दिले जाऊ लागले. दोन हजार वर्षांपूर्वी दगडात कोरलेला तो लेख बराचसा वाचता येतो. मात्र नव्वदच्या दशकातील एखाद्या दिवाळी अंकाचा संगणकावर जुळवलेला मजकूर, तो कपाटातील फ्लॉपीवर शाबूत असला तरी, आज सहसा वाचता येत नाही. या विसंगतीचा दोष सर्रास फ्लॉपीच्या माथी मारला जातो, आणि तो अन्याय आहे.

फ्लॉपीचा आरंभीचा इतिहास, म्हणजे १९७१ ची आठ इंची, १९७६ ची सव्वापाच इंची आणि त्यानंतर आलेली साडेतीन इंची चकती, मराठीच्या दृष्टीने दोन ओळींत आटोपण्याजोगा आहे. महत्त्वाची ठरली ती शेवटची, कारण डीटीपी, म्हणजे संगणकावर पाने जुळवण्याचा व्यवसाय, तिच्याच खांद्यावर उभा राहिला. लोहकणांचा लेप दिलेल्या त्या चकतीच्या दोन्ही बाजूंना प्रत्येकी ८० वर्तुळाकार मार्ग, प्रत्येक मार्गावर १८ खंड आणि प्रत्येक खंडात ५१२ बाइट, असे एकूण १४,७४,५६० बाइट मावत. (‘१.४४ एमबी’ हा तिच्यावरचा आकडा दशमान आणि द्विमान अशा दोन हिशेबांची खिचडी करून काढलेला होता.) एखाद्या कादंबरीचा निव्वळ मजकूर तीत सहज बसे, चित्रे आली की फाइलचे तुकडे करून ते चार-पाच फ्लॉप्यांवर घ्यावे लागत, आणि त्यांतली एक रुसली तरी सारेच मुसळ केरात.

ही चकती नव्या संगणकावर वाचणे अजूनही फारसे अवघड नाही. साडेतीन इंची फ्लॉपीसाठी यूएसबीला जोडायचा ड्राइव्ह पुरतो. सव्वापाच इंचीसाठी जुना ड्राइव्ह आणि चुंबकीय बदल थेट टिपणारे ग्रीझवीझलसारखे छोटे सर्किट बोर्ड लागते. साडेतीन इंची चकतीच्या कोपऱ्यातील खिडकी उघडी ठेवली, तर तीवर चुकून काही लिहिले जात नाही. फाइली एकेक उचलण्याऐवजी आधी संपूर्ण चकतीची प्रतिमा, म्हणजे खंडागणिक हुबेहूब नक्कल, घ्यावी, कारण जीर्ण चकती पुन्हा संधी देईलच असे नाही. कोकणासारख्या दमट हवेत लेपावर बुरशी धरते आणि तशीच चकती फिरवली तर वाचनशीर्ष तो लेप खरवडून काढते; म्हणून आधी नीट पाहणी करणे भाग असते. एका ड्राइव्हने नाकारलेले खंड दुसऱ्याने वाचून दाखवल्याची उदाहरणेही पुष्कळ आहेत, कारण प्रत्येक ड्राइव्हच्या शीर्षाची जुळणी किंचित वेगळी असते.

खरा अडसर पुढे आहे. वाचलेली फाइल उघडताच पडद्यावर रोमन अक्षरे, चलनचिन्हे आणि स्वरचिन्हांकित युरोपीय अक्षरे यांचा गोंधळ उमटतो, आणि हा गोंधळ चुंबकाने नव्हे, नव्वदच्या दशकातील फाँटव्यवहाराने घातलेला आहे. आयआयटी कानपूरमधील संशोधनातून निघून पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेल्या जिस्ट कार्डाने डॉसवर भारतीय लिप्या आणल्या, त्यामागे ‘इस्की’ ही संकेतप्रणाली होती. आकार नव्हे, तर अक्षर साठवायचे, हे तिचे तत्त्व. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये तिला मानकाचा दर्जा दिला. म्हणजे शहाणपणाचा रस्ता ठाऊक होता आणि तो पुण्यातूनच जात होता.

पुढे विंडोज आणि पाने जुळवण्याचा पेजमेकर हा प्रोग्रॅम आले. त्यांना जोडाक्षरे घडवता येत नसल्याने काने, वेलांट्या, अर्धी अक्षरे आणि रफार असे सुटे तुकडे रोमन अक्षरांच्या जागी बसवणारे फाँट निघाले. ती त्या काळाची गरज होती, हे मान्यच करावे लागते. पण कोणता तुकडा कोणत्या जागी, हे प्रत्येक उत्पादकाने आपापल्या मर्जीने ठरवले आणि त्याचे तक्ते झाकून ठेवले. याला गरज म्हणता येत नाही, हा सरळ गिऱ्हाईक बांधून ठेवण्याचा उद्योग होता. वर प्रिंटरच्या पोर्टला लावायचे ‘लॉक’ होतेच. ते हरवले, की स्वतः पैसे मोजून जुळवून घेतलेला मजकूरही परका होई.

या तुकड्यांचा क्रम उच्चाराचा नसून कागदावर दिसण्याचा असतो. ‘मार्मिक’ हा शब्द अशा फाँटात साधारणतः म, काना, वेलांटी, म, रफार, क असा साठवला जातो. युनिकोड या आजच्या सर्वमान्य संकेतप्रणालीत तोच म, काना, र, हलन्त, म, वेलांटी, क असा असतो. म्हणून रूपांतरकाला, म्हणजे जुना मजकूर युनिकोडमध्ये आणणाऱ्या प्रोग्रॅमला, चिन्हे बदलून भागत नाही, त्यांच्या जागाही हलवाव्या लागतात, आणि त्यासाठी मूळ फाँट कोणता हे आधी कळावे लागते. वर्डच्या फाइलीत फाँटचे नाव सापडते, साध्या टेक्स्ट फाइलीत तेही नसते. पेजमेकरच्या शेवटच्या आवृत्त्यांतील पाने इनडिझाइन सीएस ६ पर्यंत उघडत होती. पुढच्या आवृत्त्यांनी ती सोयही काढून घेतली. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासूनच आहे आणि विंडोज २००० ने ती हाताळलीही, तरी छपाईचा धंदा त्यानंतर कित्येक वर्षे जुन्या फाँटांनाच चिकटून राहिला, त्यामुळे सीडीवर उतरवलेला मजकूरही याच दशेत आहे.

छापून आलेल्या मजकुरासाठी हा सारा खटाटोप अनेकदा परवडत नाही. रूपांतरातील ऱ्ह, ॲ आणि ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका दुरुस्त करण्यापेक्षा छापील प्रत समोर ठेवून नव्याने टंकन करणे स्वस्त पडते. फ्लॉपी उघडावी लागते ती कधीच न छापल्या गेलेल्या मजकुरासाठी: संपादकाने कापण्यापूर्वीचा लेख, लेखकांना पाठवलेली पत्रे, जागेअभावी मागे राहिलेली प्रकरणे.