फळ्यापलीकडचं विज्ञान, लेखांक ६ : धोट्याचा वेग मोजणारी मुलं

मध्य प्रदेशातलं बऱ्हाणपूर हे यंत्रमागांचं गाव. तापीकाठच्या राजघाटावरून वस्तीत शिरलं की मागांचा खडखडाट कानावर येतो. मागावर आडवा धागा घेऊन इकडून तिकडे धावणारा धोटा इथल्या कितीतरी मुलांनी जन्मापासून पाहिलेला असतो, पण नववीत गतीचा धडा येतो तेव्हा तो मोटारी आणि आगगाड्यांचा असतो. स्मार्ट बोर्ड आला तरी त्यावर त्याच मोटारी पळतात, फक्त रंगीत होऊन. गरीब वस्तीतल्या शाळेत पडदा असावाच. पण त्याआधी मुलांच्या हाती कॅमेरा हवा, असं मला ठामपणे वाटतं.

धोट्याचंच बघा. तो इतक्या वेगानं जातो की डोळ्याला नुसती रेघ दिसते. सेकंदाला २४० चित्रं टिपणारं स्लो मोशन आता बऱ्याच फोनमध्ये असतं. माग बंद असताना घरच्या मोठ्या माणसानं धोट्याच्या वाटेची, म्हणजे फणीची रुंदी मोजून द्यावी. समजा, ती दीड मीटर भरली. मग माग सुरू करून चित्रण करायचं आणि धोटा या टोकाकडून त्या टोकाला जाईपर्यंत किती चित्रं पडली ती एकेक पुढे सरकवत मोजायची. समजा, ३६ पडली. ३६ भागिले २४० म्हणजे ०.१५ सेकंद, म्हणून वेग सेकंदाला १० मीटर, ताशी ३६ किलोमीटर. आता पहिल्या अर्ध्या वाटेत १७ आणि दुसऱ्या अर्ध्या वाटेत १९ चित्रं पडली असतील, तर धोटा वाटेत मंदावला. का मंदावला? इथून घर्षणाचा विषय निघतो, आणि तो मुलांनीच काढलेला असतो. एक काळजी मात्र घ्यायलाच हवी : धोटा कधीकधी उसळून बाहेर येतो. फोन स्टँडवर आणि मुलं लांब.

चित्रांतून विज्ञान शिकवण्याची हौस आपल्याकडे जुनी आहे. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर ‘साइट’ प्रयोगात उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत दूरचित्रवाणी पोचली. त्यांत मध्य प्रदेशही होता. काम मोठं होतं, पण चित्र वरून खाली येत होतं. खेड्यातल्या मुलाला उलट काही दाखवता येत नव्हतं. त्याच मध्य प्रदेशात, १९७२ साली, होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ शाळांत होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम सुरू झाला होता. तो सहावी ते आठवीसाठी होता. मुलं टोळीनं प्रयोग करत, निरीक्षणं स्वतः लिहीत, परीक्षेतही पुस्तक उघडून बसत. तीस वर्षांनी, २००२ मध्ये, राज्य सरकारनं तो बंद केला. ही घटना मला आजही सलते. आजचा फोन या दोन्ही वाटा जोडू शकतो : दूरचं चित्र आणता येतं आणि आपलं टिपताही येतं.

तापीच्या पाण्याचा थेंब घ्या. स्टॅनफर्डमधल्या मनू प्रकाश यांच्या गटानं २०१४ मध्ये जगापुढे आणलेला फोल्डस्कोप हा कागदाच्या घड्या घालून बनणारा सूक्ष्मदर्शक. त्यातलं इवलंसं भिंग फोनच्या कॅमेऱ्याला जोडलं की थेंबातले जीव सगळ्या वर्गाला एकदम बघता येतात. राजघाटाजवळचं पाणी आणि वरच्या अंगाचं पाणी शेजारी ठेवा. प्रदूषणाच्या धड्याला आणखी काय हवं?

ॲनिमेशनचं खरं काम असतं ते जिथे कॅमेराही पोचत नाही तिथे. बऱ्हाणपुरातच त्याचं उत्तम उदाहरण आहे, कुंडी भंडारा. १६१५ च्या सुमारास, अब्दुल रहीम खानखानांच्या काळात बांधलेल्या या योजनेत सातपुड्याकडून झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यात धरलं आणि हलक्या उतारानं, कुठल्याही पंपाशिवाय शहराकडे आणलं. वरून दिसतात त्या ओळीनं कुंड्या. खालचा उतार, झिरपणारे थर, पाण्याची पातळी हे छेदचित्रात हलतं दाखवलं तर भूजल, दाब आणि गुरुत्व एकाच ठिकाणी समजतात. असं चित्र स्थानिक शिक्षकांनी मराठी आणि हिंदीत करून घ्यावं.

अडचणी आहेतच. घरात एकच फोन असतो आणि तो वडिलांबरोबर कामावर जातो. म्हणून फोन शाळेच्या मालकीचे हवेत, चार मुलांत एक असला तरी चालेल. दुसरी अडचण परीक्षेची. मुलीनं मोजलेल्या धोट्याच्या वेगाला प्रात्यक्षिकाचे गुण मिळाले पाहिजेत. ते मिळत नाहीत तोवर पालक म्हणणार, माग सोड आणि पाठांतर कर. आणि त्यांना दोष देता येणार नाही.