विंडोजचं पार्टिशन लिनक्समधून उघडताना
एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील, तर लिनक्समधून विंडोजच्या फाइल्स वाचता येतात, लिहिताही येतात. त्यासाठी विंडोजच्या एनटीएफएस फाइल सिस्टीमचा नवा ड्रायव्हर २०२१मध्ये थेट लिनक्सच्या ५.१५ कर्नलमध्येच आला.

अडचण होते ती विंडोज ८पासून आलेल्या ‘फास्ट स्टार्टअप’मुळे. शटडाउन केलं तरी विंडोज पुरतं बंद होत नाही; कर्नलची स्थिती ‘हायबरफिल.सिस’ फाइलमध्ये साठवलेली राहते. अशा वेळी लिनक्स बहुधा ते पार्टिशन फक्त वाचण्यापुरतं उघडतं, आणि ते योग्यच आहे: बळजबरीनं लिहिलं तर डेटा खराब होऊ शकतो. म्हणून विंडोज बंद करताना शिफ्ट दाबून धरून शटडाउन करा. पॉवर ऑप्शन्समधून फास्ट स्टार्टअप कायमचं बंद केलं तर उत्तमच.

उलट, लिनक्सचं एक्स्ट४ पार्टिशन विंडोजच्या फाइल एक्स्प्लोररला वाचता येत नाही. त्यानं ‘फॉरमॅट करायचं का?’ विचारलं, तर न चुकता ‘कॅन्सल’ दाबा.