राणीच्या बागेतला आपल्याकडचा हत्ती

गडब-पेणकडची मंडळी मुंबईला नातेवाइकांकडे गेली, की मुलांच्या हट्टापायी राणीच्या बागेत एक फेरी होतेच. मुलं पिंजऱ्यांकडे ओढतात आणि भाऊ दाजी लाड संग्रहालयाशेजारचा काळा दगडी हत्ती बघायचा राहून जातो. अहो, हा तर आपल्याच रायगड जिल्ह्यातला, घारापुरीचा! त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी बेटाला 'एलिफंटा' म्हटलं. १८६४ साली त्याला इंग्लंडला न्यायचा घाट घातला गेला. उचलताना पडला आणि तुकडे तुकडे झाले! पुढे १९१४ मध्ये ते तुकडे जुळवून तो या बागेत उभा केला. लोणच्याची बरणी तडकली तर आपण जपून बाजूला ठेवतो, मग हा तर अख्खा हत्ती. जवळ जाऊन सांधे शोधा, मुलांनाही शोधायला लावा.

शेजारचं संग्रहालय १८७२ चं. त्याचीही रया गेली होती. २००३ पासून महापालिका, इंटॅक आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांनी मिळून ते दुरुस्त केलं; २००५ मध्ये युनेस्कोचा पुरस्कार मिळाला, २००८ मध्ये दारं पुन्हा उघडली. नक्षीदार लोखंडी खांब पाहायला तरी आत जाच. फक्त बुधवारी जाऊ नका, सुट्टी असते.